उंबऱ्यावर पडल्याची गोष्ट

पत्र थोडक्यात : लिहिणारी मुलगी २९ वर्षांची आहे, तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत काउंटरवर बसते. जन्मतःच तिचा वरचा ओठ डाव्या बाजूने नाकापर्यंत दुभंगलेला होता आणि टाळूही उघडी होती. पाचव्या महिन्यात ओठाचं, दोन वर्षांची झाल्यावर टाळूचं आणि अकराव्या वर्षी कमरेचं हाड घेऊन हिरडीत भरायचं, अशी तीन ऑपरेशनं झाली. आज नाकाखाली एक वण आहे, काही अक्षरं नाकात जातात आणि घाईत पाणी प्यायलं की थोडं नाकातून येतं.

लग्न ठरलं आहे, साखरपुडा दीड महिन्यावर आहे. बघण्याच्या कार्यक्रमात मुलाच्या मावशीने वणाबद्दल विचारलं तेव्हा आईने पटकन सांगून टाकलं, "दीड वर्षाची असताना उंबऱ्यावर पडली, टाके घालावे लागले." पुढे एकदा फोनवर मुलाने विचारलं, "फार लागलं होतं का गं?" हिने उत्तर दिलं, "आठवत नाही." तेव्हापासून हिला झोप नाही. त्यात फोटोग्राफरने हॉलमधल्या पडद्यावर दाखवायला बारशापासूनचे फोटो मागितलेत, आणि घरच्या अल्बममधला हिचा पहिला फोटो सात महिन्यांचा आहे. आईचं म्हणणं, "मी मरेपर्यंत हा विषय काढायचा नाही." कारण चूक आपलीच असं आईला पक्कं वाटतं : ही पोटात असताना, १९९५ च्या दिवाळीतल्या सूर्यग्रहणात तिने विळीवर भाजी चिरली होती. आजीने, म्हणजे वडिलांच्या आईने, बाळ बघून तसं तोंडावर म्हटलंही होतं.

मुलीचे प्रश्न असे : त्याला सांगू का? सांगितलं आणि मोडलं तर? आणि माझ्या बाळालाही असंच झालं तर?

*

तुला अगं-तुगं करते, चालेल ना? माझी भाची तुझ्याहून वर्षभराने मोठी आहे, तिला "तुम्ही" म्हटलं तर ती हसेल.

तुझ्या पत्रात मी एका जागी अडले. "आठवत नाही." तसं बघितलं तर हे खोटं नाहीच. पाच महिन्यांच्या बाळाला टाके आठवतील कसे? तरी ते बोलल्यापासून तुझी झोप उडाली. मला वाटतं, त्या मुलाने मनापासून काळजीने विचारलं आणि ती काळजी कधी न झालेल्या पडण्यावर वाया गेली, हे तुला लागलंय. असं असेल तर तुझ्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुझ्याकडे आहेच. त्याच्याकडे येते मी. पण आधी तुझ्या आईकडे जाऊ, कारण या सगळ्या पत्रात सगळ्यात जुनं दुखणं तिचं आहे.

तू जन्मतारीख लिहिली आहेस : मार्च १९९६ चा मध्य, दिवस पूर्ण भरून. ग्रहण झालं २४ ऑक्टोबर १९९५ च्या सकाळी, दिवाळीच्या अमावास्येला. राजस्थानपासून बंगालपर्यंतच्या पट्ट्यात खग्रास, आपल्याकडे खंडग्रास. मला ती सकाळ आठवते. गल्लीत दारं लावलेली, फराळाच्या डब्यांवर तुळशीची पानं, आणि ग्रहण सुटल्यावर "दे दान, सुटे गिराण" अशी आरोळी. आता आपण बोटं मोजू. तुझ्या जन्मतारखेपासून मागे गेलं तर तू आईच्या पोटात आलीस ती जूनच्या अखेरीला.

बाळाचा चेहरा एकसंध घडत नाही. डावीकडून, उजवीकडून आणि वरून, कपाळाच्या बाजूने, असे भाग पुढे सरकत येतात आणि एकमेकांना मिळतात. आरशात बघ, किंवा समोर बसलेल्या कोणाच्याही तोंडाकडे बघ. नाकाखाली मधोमध जी उभी पन्हळ असते, तिच्या दोन्ही कडा म्हणजे या जुळणीच्या जागा. शिवण सगळ्यांच्याच तोंडावर असते. तुझी एका बाजूची मिळाली नाही, एवढंच. वरचा ओठ मिळतो तो गर्भ राहिल्यापासून साधारण पाचव्या ते सातव्या आठवड्यात, आणि टाळूचं काम बाराव्या आठवड्यापर्यंत संपतं. तुझ्या हिशोबात ओठाचे आठवडे येतात जुलैच्या शेवटापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, टाळूचे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. २१ सप्टेंबरला अख्खा देश वाटी-चमचा घेऊन गणपतीला दूध पाजायला रांगेत उभा होता, त्याच्या आधीच तुझ्या तोंडाचं काम आटपलं होतं. ग्रहण तर त्याच्याही महिन्याभराने आलं. त्या सकाळी आईने भाजी चिरली असो की सुतार बोलावून लाकूड कापून घेतलं असो, ओठ जसा व्हायचा तसा दोन महिने आधीच होऊन गेला होता.

आणि गंमत बघ. ओठ मिळायच्या नेमक्या त्या आठवड्यांत कुठला सण होता? नागपंचमी. त्या साली जुलै-ऑगस्टच्या सांध्यावर आली होती. त्या दिवशी आपल्याकडे चिरत नाहीत, कापत नाहीत, तवाही ठेवत नाहीत. तुझी आजी ग्रहण इतकं कडक पाळणारी, म्हणजे नागपंचमीही पाळत असणारच. तेव्हा ज्या दिवसांत तुझा ओठ घडत होता, त्यांतल्या एका दिवशी तरी तुझ्या आईची विळी नक्की कोपऱ्यात मिटून ठेवलेली होती. मग आता म्हणायचं का की नागपंचमी पाळली म्हणून असं झालं?

असे ओठ जगभर डाव्या बाजूला जास्त दिसतात, उजवीपेक्षा जवळपास दुप्पट. विळीला डावं-उजवं कळत नसावं. तिकडे मेक्सिकोत गरोदर बायका ग्रहणात पोटाशी सेफ्टी पिन किंवा किल्ली अडकवतात, का तर बाळाचा ओठ दुभंगू नये. इथे लोखंडाला हात लावायचा नाही, तिथे लोखंडच लावायचं. आजीवर मी रागावलेली नाही. तिलाही कुणीतरी सांगितलं असेल, आणि ज्याचं कारण सापडत नाही त्याला घरातली सून हे कारण नेहमीच हाताशी असतं.

मग खरं कारण काय? बहुतेक जणांत एक असं कारण सापडतच नाही. थोडं आनुवंशिक, थोडं त्या आठवड्यांतल्या परिस्थितीचं, आणि बरंचसं आपल्याला न दिसणारं. फिट्सची काही औषधं, विडी-सिगारेटचा धूर, आटोक्यात नसलेला मधुमेह यांनी शक्यता वाढते, हे माहीत आहे. पण कृपा करून ही यादी घेऊन आईसमोर बसू नकोस. विळीतून सोडवून तिला दुसऱ्या चौकशीत अडकवायचं नाहीये.

आईशी बोलायचं ते असं. दुपारी, चहाच्या वेळी, घरात तुम्ही दोघीच असताना. कॅलेंडर घे, कागदावर महिने लिही, तिलाच मोजायला लाव. "तुझं कसं चुकलं" या सुरात नको, तिला इतकी वर्षं असंच ऐकवलं गेलंय. पहिल्यांदा तिला पटणार नाही. ओझं वाहायची सवय झाली की ते उतरवतानाही खांदा दुखतो. ती चिडेल, उठून जाईल, भांडी घासायला घेईल. जाऊ दे. कागद टेबलावरच राहू दे.

आणि एक गोष्ट तिला नक्की विचार, जी तू मला लिहिली नाहीस, कदाचित तुला माहीतच नाही. टाळू उघडी असलेल्या बाळाला दूध ओढता येत नाही. तोंडात निर्वात पोकळी तयार होत नाही, ओढायला गेलं की हवाच येते, आणि पोटात जाण्याऐवजी दूध नाकातून बाहेर. त्या काळी घरोघरी उपाय एकच, दूध काढायचं आणि चमच्याने किंवा बोंडल्याने, बाळाला उभं धरून, घोट-घोट पाजायचं. एकेका पाजण्याला पाऊण तास, तास. तेवढ्यात पुढची वेळ झालेली. रात्री दोनला, पहाटे पाचला. ऑपरेशन करायला बाळाचं वजन भरावं लागतं. डॉक्टरांचा जुना ठोकताळा आहे : दहा आठवडे वय, साधारण साडेचार किलो वजन, हिमोग्लोबिन दहा. तुझं ऑपरेशन पाचव्या महिन्यात झालं, म्हणजे तेवढं वजन तुझ्या अंगावर कुणीतरी चमच्याचमच्याने चढवलं होतं.

उंबऱ्याच्या गोष्टीत हे काहीच नाही. त्या गोष्टीत एक मूल धडपडतं, डॉक्टर टाके घालतात, संपलं. आईला वाटतंय ती तुझ्यातलं काहीतरी लपवते आहे. मला वाटतं ती नकळत स्वतःची दोन वर्षांची मेहनत पुसून टाकते आहे.

थोडं विषयांतर करते. माझ्या आत्याचा डावा हात जन्मतः मनगटापाशीच संपलेला होता. त्या हाताने ती परात दाबून धरायची आणि उजव्याने कणीक तिंबायची. तिच्यासारखी मऊ पोळी आमच्या घरात दुसऱ्या कुणाला जमली नाही. पण एकूण एक फोटोत तिचा तो हात पदराखाली आहे. मी बरीच मोठी होईपर्यंत समजत होते की आत्याला लाज वाटते. सत्तरीत असताना एकदा ती सहज म्हणाली, "मला कशाची लाज? कॅमेरा आला की आमचे आप्पा म्हणायचे, पदर घे गं. मग सवयच लागली." सांगायचा मुद्दा, आपण जे लपवतो ते बरेचदा दुसऱ्या कुणाच्या तरी सांगण्यावरून लपवत असतो, आणि सांगणारा गेला तरी पदर तसाच राहतो.

आता त्या मुलाकडे.

तू "सांगू का" असं विचारतेस तेव्हा त्यात एक गृहीत धरलेलं दिसतं : सांगणं म्हणजे कबुली, आणि कबुली म्हणजे काहीतरी गुन्हा. तुझ्या जागी एखादी मुलगी "मला बारावीत अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं" हे सांगताना रात्र-रात्र जागेल का? तुझ्या आणि तिच्या गोष्टीत फरक इतकाच की तिची खूण पोटावर आहे आणि तिच्यावरून तिच्या आईला कुणी बोललं नाही. शिवाय वण तर त्याने पाहिलेला आहेच. पाहून हो म्हटलंय. राहिली फक्त त्या वणाची हकीकत.

न सांगण्याची बाजूही मी प्रामाणिकपणे मांडून पाहते. तुझं शरीर तुझं आहे, झालेले उपचार तुझे आहेत, त्यांचा जाहीरनामा काढायला तू कुणाला बांधील नाहीस. त्याच्या मावशीला, चुलत दिरांना, गल्लीतल्या कुणाला काही सांगायची गरज नाही, आजही नाही आणि पुढेही नाही. कुणी विचारलं तर "लहानपणी ऑपरेशन झालंय" एवढं खरं आणि पुरेसं उत्तर आहे. पण नवऱ्याचं वेगळं. ज्याच्याबरोबर राहायचं त्याच्यापाशी उंबऱ्याची गोष्ट रोज सांभाळावी लागेल. उद्या दाताचा डॉक्टर विचारेल. दिवस राहिले की पहिल्याच तपासणीत डॉक्टरीण विचारेल, घराण्यात कुणाला जन्मतः काही होतं का, आणि तो शेजारच्या खुर्चीत बसलेला असेल. आणि कमरेवरचा वण? उंबऱ्यावर पडून कमरेचं हाड हिरडीत जात नाही गं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : साखरपुड्याआधी सांग, आणि तूच सांग. लग्नानंतर सांगितलंस तर वणापेक्षा "तेव्हा का नाही बोललीस" हाच विषय मोठा होईल. आईला आधी कल्पना दे, पण परवानगी मागू नकोस. परवानगी मागितलीस तर ती नाही म्हणणार आणि मग तू दोन्हीकडून अडकशील.

व्हॉट्सॲपवर नको, रात्री अकराच्या फोनवरही नको. भेटा, दिवसाउजेडी, चालता-चालता. शब्द सापडत नसतील तर हे घे, तुझ्या पद्धतीने बदल : "त्या दिवशी तू विचारलंस, फार लागलं होतं का. मी पडले नव्हते. जन्मतःच माझा ओठ आणि टाळू मिळालेली नव्हती, तीन ऑपरेशनं झाली. आईला यावरून फार ऐकून घ्यावं लागलंय, म्हणून ती पडल्याचं सांगते. तुला माझ्याकडून कळावं असं वाटलं. काही विचारायचं असेल तर विचार." एवढंच. "सॉरी" नको, "तुला नाही म्हणायचं असेल तर म्हण" हेही नको. समोरच्याच्या हातात नकार आपण होऊन का ठेवायचा? मग गप्प बस. ही गप्प बसण्याची पाच मिनिटं सगळ्यात अवघड जातील. त्याच्या आई-वडिलांना कुणी, कधी सांगायचं ते दोघं मिळून ठरवा.

मोडलं तर? तो मोडणार नाही, असं मी म्हणणार नाही. मी त्याला ओळखत नाही. मोडू शकतं, गावात आठ-पंधरा दिवस चर्चा होईल, आणि आईला "मी सांगत होते" म्हणायला मिळेल. ते दिवस वाईट जातील. पण एक विचार कर. जे घर एका शिवलेल्या ओठावरून मागे फिरतं, त्या घरात उद्या तुला दिवस राहिले आणि ग्रहण आलं, तर विळीवरून बोलणारी आजी तिथेही निघाली असती. यावेळी ऐकून घेणारी तू असतीस.

जाता-जाता दोन्ही घरांना एक विचारावंसं वाटतं. पत्रिकेत नाडी बघितलीत, गुण किती जुळले ते सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे. दोघांची थॅलेसेमियाची रक्तचाचणी केलीत का? दोघेही वाहक निघाले तर दर गर्भारपणात चारात एक शक्यता मुलाला तो आजार होण्याची असते. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलची चाचणी तितकीच महत्त्वाची. जे पुढच्या पिढीच्या रक्तात खरोखर जातं ते तपासायचं राहून जातं आणि मावशी वणाची चौकशी करते!

आता बाळाचं. आकडे सांगते, कारण आकडा माहीत नसला की भीती हवी तेवढी फुगते. एरवी साधारण सातशे ते हजार जन्मांत एका बाळाला ओठ किंवा टाळू दुभंगलेली असते. आई किंवा वडील, दोघांपैकी एकाला हे असेल तर बाळाला असण्याची शक्यता शंभरात तीन ते पाच. एरवीपेक्षा कितीतरी जास्त, हे खरंच. पण शंभरातल्या निदान पंचाण्णव बाळांना ते नसतं.

याला एक अपवाद आहे, म्हणून आज घरी गेल्यावर आरशासमोर उभी राहा आणि खालचा ओठ बघ. वरचा नव्हे, खालचा. मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे दिसतात का? आईच्या, वडिलांच्या, भावंडांच्या ओठांवरही बघ. असे खड्डे असतील तर तो वेगळा, एकाच जनुकातून जाणारा प्रकार असण्याची शक्यता असते आणि त्यात बाळाला तो मिळण्याचं प्रमाण निम्म्यापर्यंत जातं. खड्डे नसतील, तुला हृदयाचं वगैरे दुसरं काही नसेल आणि घराण्यात आणखी कुणाला हे नसेल, तर वरचा तीन ते पाचचा आकडा धरून चाल. तरी लग्नानंतर, मूल हवं असं ठरवाल तेव्हा, आनुवंशिक आजारांच्या तज्ज्ञांकडे एकदा दोघं मिळून जा. फॉलिक ॲसिडची गोळी, रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या आधीपासून सुरू करायची असते. कळल्यावर सुरू केली तर उशीर झालेला असतो, ओठाचं वेळापत्रक तू आता जाणतेसच. बाळाच्या मणक्याच्या व्यंगांवर तिचा उपयोग सिद्ध झालेला आहे. ओठ-टाळूबाबत पुरावा तितका पक्का नाही, पण घ्यायचीच आहे. फिट्सची किंवा दुसरी कुठली कायमची औषधं चालू असतील तर आपल्या मनाने बंद करायची नाहीत, आधी डॉक्टरांशी बोलायचं. अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत ओठ बहुतेकदा दिसतो. नुसती टाळू दुभंगलेली असेल तर ती सहसा निसटते.

आणि "माझ्यासारखं झालं तर" या वाक्यापाशी जरा थांब. तुझ्यासारखं म्हणजे कसं? पतसंस्थेत दिवसाला शंभर माणसांशी बोलणारं, तीन ऑपरेशनं पचवून पदवी घेतलेलं, खोटं बोलल्यावर झोप न येणारं? तुला जे सोसावं लागलं त्यात ओठाचा वाटा किती आणि लोकांच्या जिभेचा किती, हे एकदा वेगळं करून बघ. ऑपरेशनं सोसावी लागलीच, दुखलंच, ते मी गोड करून सांगणार नाही. पण बारशाचा फोटो नसणं हे ओठामुळे झालेलं नाही.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलं ते वेगळ्याच कारणाने. "फोनवर बोलायचं मी टाळते, समोरच्याला परत-परत सांगावं लागतं." आणि पाणी नाकातून येणं. याची तू तक्रारही केलेली नाहीस, जणू हे आयुष्यभराचं भाडंच आहे. तसं नाही. टाळूत एखादं बारीक छिद्र राहिलेलं असू शकतं, किंवा बोलताना टाळूचा मागचा भाग घशाच्या भिंतीला टेकत नसेल. मग हवा नाकातून निसटते आणि ब चा म होतो, द चा न होतो. अशी लहान मुलं "बाबा" म्हणायला जातात आणि तोंडातून "मामा" येतं. बिचाऱ्या बापाला समजत नाही हसावं की रडावं. एकोणतिसाव्या वर्षीही यावर इलाज होतो. आधी वाचा-उपचार तज्ज्ञ आणि प्लास्टिक सर्जन, दोघांनाही दाखव. हवेची वाटच उघडी असेल तर नुसत्या व्यायामाने ती बंद होत नाही, छोटं ऑपरेशन लागतं. उच्चारांच्या सवयी मात्र सरावाने सुधारतात. कानही तपासून घे. टाळूच्या या त्रासात कानाच्या पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येणं नेहमीचं आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. मात्र हे लग्नासाठी म्हणून करू नकोस. काउंटरवर बसून "पावती" शब्द तीनदा म्हणावा लागू नये, एवढ्यासाठी कर.

हे सदर वाचणाऱ्यांत ज्यांच्या घरी असं बाळ नुकतंच आलं असेल, त्यांच्यासाठीही थोडं. घाबरून पहिल्याच आठवड्यात ऑपरेशनसाठी धावायची गरज नसते. पहिलं काम वजनाचं. बाळ आडवं ठेवून पाजू नका, मऊ पिळता येणाऱ्या खास बाटल्या मिळतात, नाहीतर वाटी-चमचा. ओठ साधारण तीन ते सहा महिन्यांत आणि टाळू नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान शिवतात, कारण बोलणं सुरू व्हायच्या आत टाळू बंद झालेली बरी. आपल्या भाषेत डोक्यावरचीही टाळू आणि तोंडातलीही टाळूच. "टाळू भरली नाही" ऐकून घरातली मोठी माणसं डोक्यावर तेल थापत बसल्याचं आणि त्यात वर्ष गेल्याचं मी पाहिलंय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि उपचार मोफत आहेत. ओठ-टाळू, आत वळलेली पावलं, जन्मजात हृदयदोष, सगळं त्यात येतं. हा कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमधून सुरू झाला, तरी कितीतरी आई-बापांना त्याचा पत्ता नसतो. अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना विचारा, त्या जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतील. आरोग्य विमा असेल तर पॉलिसीत "बाह्य जन्मजात विसंगती" हे शब्द शोधा, बऱ्याच पॉलिसींत त्या वगळलेल्या असतात. आणि ऑपरेशनआधीचा फोटो काढून ठेवा. डॉक्टर त्यांच्या फाइलसाठी काढतातच, तुमच्याकडेही असू द्या.

त्यावरून तुझ्या फोटोग्राफरचं आठवलं. पडद्यावर सात महिन्यांपासूनचे फोटो लागले तर हॉलमध्ये कुणी मोजत बसणार नाही, त्याची चिंता सोड. पण मला राहून-राहून वाटतं, तुझ्या आईने एखादा फोटो ठेवला असेल. देव्हाऱ्याच्या मागे, नाहीतर लोखंडी कपाटात जुन्या साड्यांखाली दवाखान्याची जी फाइल असते, तिच्यात. कॅलेंडरचा कागद दाखवशील त्या दुपारी तेही विचारून बघ. आणि ते चमच्याचं नक्की विचार : एका वेळचं दूध पाजायला किती वेळ लागायचा. काय म्हणाली ते मला कळव.